नाकाच्या ऑपरेशनला आपली कूर्चा घ्यावी की सिलिकॉन?

भाच्याचा फोन आला तेव्हा मी ड्यूटी संपवून ठाण्याच्या फलाटावर उभी होते. तो ऐरोलीला राहतो, कबड्डी खेळतो. सरावात पकड करताना कुणाचं तरी कोपर त्याच्या नाकावर बसलं होतं. "मावशी, नाक सुजलंय, पण रक्त थांबलंय." मी म्हटलं, "बर्फ लाव, उद्या बघू." ऑपरेशन थिएटरमध्ये बावीस वर्षं काढलेल्या बाईने एवढंच सांगितलं. एक प्रश्न विचारायचा राहिला: दोन्ही नाकपुड्यांतून श्वास येतोय का?

तिसऱ्या दिवशी नाक आतून पूर्ण बंद झालं, ताप चढला, ठणका लागला. नाकाच्या पडद्यात, म्हणजे दोन नाकपुड्यांमधल्या भिंतीत, रक्त साकळून त्याचा पू झाला होता. पडद्यातली कूर्चा, म्हणजे ते लवचिक मऊ हाड, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरच्या अस्तरातून जे पोषण झिरपतं त्यावर ती जगते. अस्तर आणि कूर्चेच्या मध्ये रक्त साठलं की तीन-चार दिवसांत कूर्चा मरायला लागते. पू काढला, मुलगा बरा झाला, पण पुढच्या काही महिन्यांत त्याच्या नाकाचा मधला भाग खाली बसला. घोड्याच्या पाठीवरच्या खोगिरासारखा खोलगट.

म्हणून निवडीचं बोलण्याआधी हे लिहून ठेवा: नाकाला मार लागल्यावर नाक आतून गच्च बंद वाटलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. रात्र झाली असेल तर रात्री दाखवा. रक्त वेळेवर काढलं तर बहुतेकदा नाक वाचतं.

त्याचं नाक पुन्हा उभं करायचं ठरलं तेव्हा आम्ही तीन ठिकाणी गेलो. एका ठिकाणी पहिल्या दहा मिनिटांत सिलिकॉन सुचवलं, "अर्ध्या-पाऊण तासाचं काम, संध्याकाळी घरी." दुसऱ्या ठिकाणी बरगडीची कूर्चा. घरात दोन तट पडले. ताईला बरगडीच्या नावानेच धडकी भरली होती. त्या दिवसांत जे मी तिला समजावत होते तेच इथे लिहिते. मी डॉक्टर नाही. मी ट्रॉली लावते, सर्जनच्या हातात सुरी देते, कूर्चेचे तुकडे सलाईनच्या वाटीत जपते. निर्णय तुमचा आणि तुमच्या सर्जनचा. पण त्यांच्यासमोर बसण्याआधी स्वतःच्या नाकाविषयी काय माहीत असावं, ते मला सांगता येईल.

आधी बघा, बांधायचं काय आहे

"कुठलं मटेरियल चांगलं?" हा प्रश्न लोक पहिला विचारतात. तो तिसरा किंवा चौथा असायला हवा. आधी नाकात काय कमी आहे ते बघायचं.

नाकाचे तीन भाग धरा. वरचा कणा, खालचा शेंडा आणि आतला पडदा. कण्याची उंची कमी असेल तर तिथे फक्त भर घालायची असते. ती भर वजन पेलत नाही, नुसती बसून राहते. शेंड्याचं तसं नाही. शेंडा दिवसभर हलतो: हसताना, बोलताना, नाक पुसताना, कुशीवर झोपताना. तिथे जे घालाल ते सतत वरच्या त्वचेला आतून घासणार. आणि पडदा म्हणजे घराचा खांब. तो गेला असेल तर नुसती भर घालून भागत नाही, खांब परत उभा करावा लागतो. भाच्याचा खांबच गेला होता.

श्वासाची एक साधी परीक्षा घरी करता येते. आरशासमोर उभं राहा, नाकाशेजारी गालावर दोन बोटं ठेवा आणि गाल हलकेच कानाकडे ओढा. ओढल्यावर त्या बाजूचा श्वास एकदम मोकळा झाला तर नाकाच्या आतली अरुंद वाट आवळलेली असू शकते. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ती वाट रुंद करायला पडद्याच्या कडेला कूर्चेच्या बारीक पट्ट्या बसवतात, आणि हे काम आपल्याच कूर्चेचं आहे. वरून सिलिकॉन बसवून नाक उंच दिसेल, श्वास तिथेच अडलेला राहील.

मोबाइलचा पुढचा कॅमेरा हातभर अंतरावरून नाक असतं त्यापेक्षा मोठं दाखवतो. त्या फोटोवरून ठरवू नका. कुणाला तरी पाच-सहा फुटांवरून समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढायला सांगा, तेच डॉक्टरांकडे न्या. आणि "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं" म्हणत कुणी मुलीला ऑपरेशनकडे ढकलत असेल, तर ते ऑपरेशन मुलीच्या मनातलं आहे का, हे तिला एकटीला बसवून विचारा. मी अशा मुली पाहिल्या आहेत ज्या भूल देण्याआधी टेबलावर रडतात. मुलींचं नाक साधारण सोळाव्या आणि मुलांचं सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत वाढत असतं, त्याआधी दिसण्यासाठी घाई नको.

मग त्वचा

चष्मा जिथे टेकतो तिथून बोट हळूहळू खाली आणा. साधारण मध्यावर हाड संपतं आणि कूर्चा सुरू होते, तो सांधा बोटाला लागतो. तिथली त्वचा सगळ्या नाकात सर्वांत पातळ असते. आता ती चिमटीत धरून बघा. कुणाची चांगली जाडसर, हलणारी असते. कुणाची कागदासारखी, खालचं हाड दिसेल अशी. पातळ त्वचेखाली इम्प्लांटची, म्हणजे आत बसवलेल्या सिलिकॉनसारख्या बाहेरच्या वस्तूची, कड काही वर्षांनी उमटू शकते, उजेडात नाकावर रेघ दिसते. आधी ऑपरेशन झालेलं नाक, अपघाताचे व्रण असलेलं नाक, ज्यात पू होऊन गेलाय असं नाक, यांची त्वचा आणि तिचा रक्तपुरवठा आधीच थकलेला असतो. अशा नाकात बाहेरची वस्तू घालायला अनुभवी सर्जन सहसा तयार होत नाहीत, आणि मला त्यांचं पटतं.

तंबाखूही इथेच येते. सिगारेटइतकीच मशेरी आणि गुटखाही. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, टाक्यांपर्यंत रक्त पोचत नाही. निदान चार आठवडे आधी आणि जखम भरेपर्यंत नंतर पूर्ण बंद. बायका डॉक्टरांसमोर मशेरीचं बोलत नाहीत, सासूसमोर तर नाहीच. सिस्टरच्या कानात सांगा, पण सांगा.

आपल्या अंगातली तीन कोठारं

आपलीच कूर्चा वापरायची तर ती तीन जागांहून येते.

पहिली जागा नाकाचा पडदाच. सरळ, सपाट, त्याच चिऱ्यातून मिळते, वेगळा व्रण नाही. पण सगळी काढता येत नाही. वरून आणि पुढून साधारण एक सेंटिमीटर रुंदीची चौकट ठेवावीच लागते, नाहीतर नाक बसतं. ज्यांचं पहिलं ऑपरेशन झालंय किंवा ज्यांना मार लागलाय त्यांच्याकडे हा साठा बरेचदा संपलेला असतो.

दुसरी जागा कान. कानाच्या मागून चिरा घेऊन मधल्या वाटीसारख्या भागातली कूर्चा काढतात. व्रण मागे लपतो, कानाचा आकार जवळपास तसाच राहतो. ही कूर्चा मुळातच वळलेली आणि मऊ, म्हणून शेंड्याला गोलाई द्यायला फार छान. खांब म्हणून मात्र ती लेचीपेची पडते. कानावर दाबपट्टी काही दिवस राहते आणि त्या कुशीवर झोपता येत नाही, एवढाच त्रास.

तिसरी बरगडी, जिची सगळ्यांना भीती. म्हणून जरा सविस्तर सांगते, कारण मी ती खूप जवळून पाहिली आहे. बहुधा सहाव्या किंवा सातव्या बरगडीचा पुढचा, कूर्चेचा भाग घेतात. चिरा तीन-चार सेंटिमीटरचा. बायकांमध्ये तो स्तनाखालच्या घडीत लपवतात. बरगडीच्या खाली लागूनच फुप्फुसाचं पातळ आवरण असतं, म्हणून कूर्चा निघाली की सर त्या खड्ड्यात सलाईन ओततात आणि भुलीच्या डॉक्टरांना म्हणतात, "फुगवा." ते फुप्फुस हवेने फुगवतात आणि आम्ही सगळे श्वास रोखून त्या पाण्याकडे बघतो. बुडबुडा आला नाही की आवरण शाबूत. आवरण फाटणं क्वचितच होतं, आणि झालं तर तिथल्या तिथे शिवता येतं.

मग ती कूर्चा माझ्या वाटीत येते. सोललेल्या शहाळ्याच्या खोबऱ्यासारखी पांढरी, पण दाबली तर घट्ट. सर तिच्या पट्ट्या कापतात आणि परत सलाईनमध्ये सोडतात. आता थांबायचं. बरगडीच्या कूर्चेला वळण्याची खोड असते. बाहेरची बाजू कापली की आतला ताण सुटतो आणि पट्टी केळीच्या सालीसारखी वाकते. अर्धा तास ठेवली की कुठली पट्टी सरळ राहते आणि कुठली वाकते ते दिसतं. वाकलेली बाजूला. हा अर्धा तास काही ठिकाणी वाचवला जातो. तुम्ही सर्जनना जरूर विचारा, "वाकू नये म्हणून तुम्ही काय करता?" ज्याला उत्तर येतं तो ते आनंदाने सांगतो: मधल्या गाभ्यातून कापतो, दोन पट्ट्या उलटसुलट जोडतो, किंवा कणा भरायचा असेल तर कूर्चेचे अगदी बारीक तुकडे करून कानाच्या वरच्या स्नायूवरून काढलेल्या पातळ आवरणात गुंडाळतो. त्या पुडीचा आकार ओल्या मातीसारखा हाताने देता येतो.

बरगडीच्या उणिवाही सांगते. आठवडाभर खोकताना, शिंकताना छातीत कळ येते. उशी छातीशी धरून खोकायचं. वय वाढलं की ही कूर्चा हाडासारखी कडक होत जाते, म्हणून चाळिशी-पन्नाशीत आधी सीटी स्कॅन करून बघतात. नाकाचा शेंडा ताठ होतो, पूर्वीसारखा दाबला जात नाही. सगळी काळजी घेऊनही कधी पट्टी थोडी वाकते, कधी थोडी झिजते, आणि पुन्हा लहानसं ऑपरेशन लागतं. वेळ जास्त, भूल जास्त, म्हणून पहिला खर्चही जास्त.

हे सगळं असूनही आपली कूर्चा एकदा धरली की ती आपलीच होते. शरीर तिला परकी समजत नाही. आपल्याच अंगातलं घेऊन नाक बांधणं आपल्या मुलखाला नवं नाही. टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा गाडीवान पकडला गेला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्यात वीटकाम करणाऱ्या समाजातल्या एका जाणकाराने त्याच्या कपाळाची कातडी देठासकट फिरवून नवं नाक केलं. ही हकिगत १७९४ साली लंडनच्या मासिकात चित्रासह छापून आली, आणि ती वाचलेल्या जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने १८१४ साली तिथे तशीच शस्त्रक्रिया केली. देठ तोडायचा नाही, रक्त चालू ठेवायचं, ही त्या कारागिराची समज. आजही आम्ही टेबलावर तेच सांभाळतो.

बाहेरची वस्तू कधी चालते

इम्प्लांट सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. पूर्व आशियात कण्यासाठी सिलिकॉन कित्येक वर्षं वापरलं जातंय आणि पुष्कळ जणांना ते नीट मानवतं. कधीच ऑपरेशन न झालेलं नाक, जाडसर त्वचा, श्वासाची तक्रार नाही, फक्त कण्याची उंची वाढवायची आहे: इथे सरळ पट्टी कण्यापुरती बसवून शेंड्याला कानाची कूर्चा लावतात. ही मला पटणारी जोडी आहे. दुसरा चिरा छोटा, वेळ कमी, आकार आधीच ठरलेला, झिजत नाही.

वस्तूंचे स्वभाव मात्र वेगळे. सिलिकॉन गुळगुळीत असतं. शरीर त्याच्याभोवती पिशवी करतं, आत शिरत नाही, म्हणून ते हलू शकतं पण काढायला सोपं. गोअर-टेक्सला बारीक छिद्रं असतात, त्यात थोडी पेशी शिरते, ते जागेवर बसतं. मेडपोर छिद्रांचं कडक प्लास्टिक, त्यात शरीर खोलवर रुजतं. बसतं घट्ट, पण बिघडलं तर काढताना आजूबाजूची त्वचाही ओढली जाते. मृत दात्याची, किरणांनी निर्जंतुक केलेली बरगडीची कूर्चाही काही ठिकाणी मिळते. छातीला चिरा नको असणाऱ्यांना ती सोयीची, पण ती किती झिजेल ते माणसागणिक बदलतं.

मला भीती वाटते ती एल आकाराच्या सिलिकॉनची, जे कण्यावरून येऊन शेंड्यात वळतं. काही वर्षांपूर्वी मी जिथे काम करत होते तिथे एक मुलगी आली, ऑपरेशन दुसरीकडे झालेलं. शेंडा लाल, चकचकीत, आणि मधोमध तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. तिला वाटत होतं पुटकुळी आहे. दोन आठवडे ती त्यावर पावडर लावून कामाला जात होती. तो ठिपका म्हणजे बाहेर येऊ पाहणारं सिलिकॉन होतं. सरांनी विचारलं, "आत काय घातलंय?" तिला माहीत नव्हतं. कागदावर फक्त "नाकाचे ऑपरेशन" लिहिलेलं. इम्प्लांट काढावं लागलं, त्वचा भरायला काही महिने थांबावं लागलं, मग आपल्या कूर्चेने दुसरं ऑपरेशन. त्या मुलीने दोनदा पैसे मोजले आणि दोनदा भूल घेतली.

इम्प्लांटवर जंतू एकदा बसले की ते स्वतःभोवती चिकट थर करतात आणि गोळ्या-इंजेक्शनं त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणून "अँटिबायोटिकने बघू" हे फार दिवस चालवून घेऊ नका. हा संसर्ग वर्षांनंतरही होऊ शकतो. नाक लाल होणं, चमकणं, एका बाजूला सरकणं, टोकाची त्वचा पांढुरकी दिसणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी सर्जनला गाठा.

"बिनटाक्याचं नाक" म्हणून इंजेक्शनने फिलर, म्हणजे भरावाचं जेल, भरून देतात, त्याविषयी एकच. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरते, दृष्टीही जाऊ शकते. पार्लरमध्ये हे कधीही करून घेऊ नका.

सर्जनसमोर बसल्यावर

पदवी विचारायला लाजू नका. प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी, नाहीतर नाकाच्या कामाचा खास अनुभव असलेले ईएनटीचे एमएस. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक पाटीवर किंवा चिठ्ठीवर असतो. मग हे विचारा: माझ्या पडद्यात कूर्चा शिल्लक आहे का? ती कमी पडली तर टेबलावर काय कराल, कान की बरगडी की इम्प्लांट? याची परवानगी आधीच लिहून द्या, कारण भुलीत असताना तुम्हाला विचारता येणार नाही. संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. बिघडलं तर काढणार कोण आणि त्याचा खर्च कोणाचा, हेही त्याच भेटीत.

इम्प्लांट घालायचंच ठरलं तर त्याच्या डब्यात चिकटपट्ट्या येतात, त्यावर कंपनी, माप आणि बॅच क्रमांक असतो. एक पट्टी आमच्या केस पेपरवर लागते. दुसरी तुमच्या डिस्चार्ज कार्डावर लावून मागा. मागितली की मिळते. मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा.

विम्याचं थोडक्यात: नुसतं दिसण्यासाठीचं ऑपरेशन पॉलिसीत बसत नाही. अपघातानंतरचं किंवा श्वासाच्या अडचणीचं बसू शकतं, म्हणून मार लागलेल्या दिवसाचे कागद, एक्स-रे, सीटी जपा आणि आधीच मंजुरी घ्या. ताईने पहिल्या दिवसाची चिठ्ठी फेकली होती, ती परत मिळवायला दोन चकरा झाल्या.

तारीख घेताना घरातल्या लग्नाचा महिना सोडा. नाकावरची पट्टी आठवड्याने निघते, डोळ्याखालचा काळेपणा दोन आठवड्यांत जातो, पण शेंड्याची सूज उतरायला वर्ष आणि कधी त्याहून जास्त लागतं. चष्मा महिना-दीड महिना नाकावर टेकवायचा नाही. कपाळाला चिकटपट्टीने अडकवतात. शिंक तोंड उघडून द्यायची. ऑपरेशनआधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिल्या त्यांना विचारून करा.

भाच्याला आम्ही बरगडी निवडली. त्याच्या पडद्यात काही उरलं नव्हतं, कान पुरला नसता, नाकात पू होऊन गेलेला होता आणि मुलाला परत मैदानावर जायचं होतं. सिलिकॉनवर पुन्हा एक कोपर बसलं असतं तर मी स्वतःला काय सांगितलं असतं? ऑपरेशनच्या दिवशी मी आत गेले नाही. ताईबरोबर बाहेर बसले. बुडबुड्याची वेळ झाली असेल तेव्हा मी घड्याळाकडे बघत होते आणि तिला ते कळू नये म्हणून तिचा हात धरला होता.

पहिले पाच-सहा दिवस छातीच्या दुखण्याने तो नाक विसरला होता. शेंडा अजून ताठ आहे, समोरून बघितलं तर कणा केसभर डावीकडे आहे, आणि छातीवर बोटभर व्रण आहे. सामन्यात उतरायला सर्जननी सहा महिने थांबवलं. परवा जेवायला आला तेव्हा ताट वाढण्याआधी मी त्याला खिडकीपाशी उभं केलं, गालावर बोटं ठेवून श्वास घ्यायला लावला. गाल ओढून आणि सोडून, दोन्ही वेळा श्वास सारखाच आला.